अनुभव धागा: बडोद्यातला ख्रिस्ती-मुस्लिम शेजार, आणि त्यातलं खरं बोलणं

फतेगंजची लेक:
मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. आम्ही मूळ नगरकडचे मराठी ख्रिस्ती, मी वाढले फतेगंजात आणि भिंतीला भिंत लागून मुस्लिम घर. मोठ्या माणसांचं आपण वाचतोच, ४ फेब्रुवारी २०१९ ला अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुभावाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या वगैरे, पण मला ओटल्यावरचं ऐकायचंय. ईदचा शीरखुर्मा नि नाताळच्या करंज्या असतातच हो, त्या हव्यातच, पण कधी धर्मावर खरंच बोललात का, कुठे अडलं, ते लिहा.

मीच सुरू करते. आमचे आजोबा, ज्यांना चाचा 'मास्तर' म्हणायचे, कुणीही भेटलं की 'सलाम' म्हणायचे, त्यांच्याकडच्या ख्रिस्ती लोकांत तीच रीत. शेजारच्या चाचांना कितीतरी वर्षं वाटत होतं की मास्तर आपल्यासाठी म्हणून सलाम करतात. एकदा आजोबांनी मराठी बायबल उघडून दाखवलं, पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांमध्ये येऊन उभा राहतो आणि पहिलं काय बोलतो, तर 'तुम्हांस शांती असो'. चाचा म्हणाले, अहो हेच तर अस्सलामु अलैकुम! मग त्यांनी कुराणातला १९वा सूरा, मरियमचा, अर्थ सांगत सांगत वाचला. कुराणात नावाने आलेली एकमेव स्त्री मरियम आहे हे आमच्या आजीला तोवर माहीतच नव्हतं. खजुराच्या बुंध्याशी एकटीच कळा सोसणारी मरियम ऐकून आजीच्या डोळ्यांना धारा, म्हणाली आमच्या शास्त्रात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, पण तिच्या कळा कुणी लिहिल्याच नाहीत.

अडलं ते क्रूसावर. चाचा म्हणाले ईसांना, म्हणजे येशूंना, क्रूसावर मारलंच नाही, अल्लाहने त्यांना वर उचलून घेतलं. आजोबा ताडकन उठून घरात, चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी स्वतःच गेले, म्हणाले तुम्ही असं का मानता ते सगळं सांगा, मी मध्ये तोंड उघडणार नाही, मग माझं ऐका. तास-दीड तास बसले दोघं. परत आल्यावर आजीला म्हणाले, अगं, त्याला ईसांची बेअदबी सहन होत नाही म्हणून तो नाही म्हणतो, आणि मी इतकी वर्षं समजत होतो की आमचं खोटं पाडायला म्हणतो.

पाणीगेटकर:
आम्ही मराठी मुसलमान, पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. २०२५ ला रमजान २ मार्चला लागला आणि राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, आला ५ मार्चला, म्हणजे माझे रोजे नि कामावर शेजारच्या टेबलावरच्या ख्रिस्ती बेनचा (ताईचा) उपवासकाळ एकत्रच. मी जरा तोऱ्यात बोललो की आमच्यात पाणीसुद्धा चालत नाही, तुमचं काय, मटण सोडलं की झालं. ती चिडली नाही, एवढंच म्हणाली की आमच्या प्रभूने सांगितलंय, उपास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना दिसू देऊ नको. मला मनापासून लाज वाटली, कारण रोजा बंदा आणि अल्लाह यांच्यातला असतो हे मीच माझ्या पोराला शिकवतो. ती डबा घेऊन गच्चीवर जायची ते मी बंद करायला लावलं, म्हटलं इथेच बस नि जेव.

तांदळजा:
थोडक्यात लिहितो. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत गोळीबार झाला, ५१ माणसं गेली. रात्री आमच्या बिल्डिंगमधले ख्रिस्ती काका दाराशी आले, काय बोलावं सुचेना त्यांना, नुसते उभे. मग २१ एप्रिलला, ईस्टरच्याच दिवशी, श्रीलंकेतल्या चर्चमध्ये स्फोट झाले आणि मी त्यांच्या दाराशी. तोवर आमच्यात फक्त लिफ्टमधलं हसणं होतं.

दांडिया बाजार:
मी हिंदू, घरी गाण्याचा क्लास घेते. माझ्याकडे एक चर्चच्या क्वायरमधली मुलगी आणि एक नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, म्हणणारा मुसलमान मुलगा. दोघांच्याही आयांना एकच काळजी, आमच्या पोराला त्यांची प्रार्थना म्हणावी लागेल का? मी सांगितलं, अजिबात नाही, ज्याची त्याने म्हणायची, दुसऱ्याने मांडी घालून ऐकायची. आता बघा, सूफी गायक हजरत इनायत खाँ आपल्या बडोद्यातच १८८२ ला जन्मले, इथे १८८६ ला संगीत शाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू. पुढे युरोपात त्यांनी १९२१ पासून अशी उपासना सुरू केली की एकाच वेदीवर प्रत्येक धर्माची वेगळी मेणबत्ती लागते आणि गीता, बायबल, कुराण सगळ्यांतून वाचन होतं. वेगळी मेणबत्ती, हे मला फार पटतं, मी कुणालाच दुसऱ्यात कालवायला बघत नाही.

नाइट ड्यूटी:
मी नर्स, ख्रिस्ती. आयसीयूत एक वयस्कर खाला शेवटच्या घटका मोजत होत्या, मुलगा बाहेर घुटमळत होता पण बोलत नव्हता. मीच विचारलं, काबा कुठल्या दिशेला? तो बघतच राहिला. वॉर्डबॉयला हाक मारून आम्ही पलंग फिरवला, त्याला कुराणातला यासीन सूरा वाचायला आत घेतलं आणि मी बाजूला उभी राहून माझी प्रार्थना मनात म्हटली. नंतर त्याने विचारलं तुम्ही काय म्हणत होतात, मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंत.

फतेगंजची लेक:
दोघातिघांनी विचारलंय, आजोबांचं नि चाचांचं शेवटी पटलं का. नाही पटलं. आजोबा गेले तेव्हा चाचा दफनभूमीत आले होते, मूठमाती दिली. आता ते ८६ चे आहेत, काल त्यांना हा अख्खा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, बेटा, हेही लिही की माझं म्हणणं आजही तेच आहे, आणि मास्तरांचंही शेवटपर्यंत तेच होतं.