प्रीसेट आणि काळारामचा दगड
फोटो एडिटिंगचं विकतचं प्रीसेट (एका क्लिकवर लागणारा साठवलेल्या सेटिंगचा संच) म्हणजे आळस की वेळेची बचत, यावर इथल्या चर्चेत बरीच जुंपलीय. माझं म्हणणं, आधी त्यात काय भरलंय ते उघडून बघा. साधं प्रीसेट स्लायडरचे ठरलेले आकडे लावतं, समोरचा फोटो कसा आहे याची त्याला खबर नसते.

‘फिल्म लूक’वाल्या बहुतेकांत टोन कर्व्हचं (उजेड-अंधार ठरवणाऱ्या रेषेचं) डावं, म्हणजे गडद भागाचं टोक वर उचललेलं असतं. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या काळ्या दगडावर ते लावलं की दगड राखाडी, धुरकट. ब्लॅक्सचा स्लायडर कितीही ओढा, काळा परत येत नाही. कर्व्हचं टोकच खाली आणावं लागतं. आणि हळदीच्या फोटोंना ऑरेंज-यलो हलवणारं प्रीसेट लावूच नका. हळद आणि त्वचा त्याच पट्ट्यात येतात, नवरी काविळीची दिसते!

लाइटरूम या एडिटिंग अ‍ॅपमध्ये स्वतःचं प्रीसेट साठवताना एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचं तापमान) यांच्यासमोरच्या बरोबरच्या खुणा काढा. रॉ फाइलला (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) तापमान केल्विनमध्ये असतं, जेपीईजीला उणे १०० ते अधिक १००, त्यामुळे एकाचं दुसऱ्यावर नीट बसत नाही. क्रम असा: आधी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने, मग प्रीसेट, मग अमाउंट (प्रीसेटचा जोर) १०० वरून ६०-७० वर. गंगापूर रोडच्या द्राक्षबागा असतील तर ग्रीनचा ह्यूही (हिरव्याची छटा) तपासा, नाहीतर ताजी पानं वाळल्यागत दिसतात.