एक मदतनीस, चार वर्ग: समान वाटणी कशासाठी?

खडूफळा:
परवा एका मुख्याध्यापकांनी लिहिलं, "पहिली-दुसरीचे चार वर्ग आणि मदतनीस ताई एकच, म्हणून प्रत्येक वर्गाला रोज एक तास दिला. आता कुणाचीच तक्रार नाही." तक्रार थांबली म्हणजे मुलं वाचायला लागली का? ताई वर्गात शिरतात तेव्हा धडा अर्धा झालेला असतो. काय चाललंय ते कळेपर्यंत दहा मिनिटं जातात, मग ज्याची वही कोरी त्याच्याशेजारी बसून ती भरून घ्यायची. शाळांतल्या मदतनीसांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या इंग्लंडमधल्या डिस प्रकल्पाचा २००९चा अहवाल नेमकं हेच सांगतो: मदतनीसांचा आधार जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा कमी झाली, आणि मुलं मुळात कच्ची होती हे हिशेबात धरूनही. दोष मदतनीसांचा नव्हता. शिक्षकांशी बोलायला त्यांना वेळच दिलेला नव्हता आणि भर शिकण्यापेक्षा काम उरकण्यावर होता. म्हणून माझं म्हणणं: सकाळचा सलग वेळ पहिलीला द्या. तीन-चार मुलांचा ठरलेला वाचनगट, तोच गट, त्याच ताई, काही आठवडे सलग.

दुसरीच्या बाई:
साफ असहमत. तुम्ही पहिलीला शिकवता ना? कळतंच आहे. पहिलीत जे सुटतं ते दुसरीत माझ्या गळ्यात येतं. आणि मला ताई वाचनासाठी नकोतच. एखाद्या मुलाला कपड्यांतच शू झाली, मूल ओलं झालं, तर बाकीचा वर्ग टाकून मी त्याला घेऊन जाऊ? तेवढ्यात इकडे कुणी पडलं तर जबाबदार कोण?

गणिती:
भांडणच चुकीचं आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ वर्गातल्या मुलांच्या संख्येवर स्टार नावाचा प्रयोग झाला. १३ ते १७ मुलांचे वर्ग, २२ ते २५ मुलांचे वर्ग, आणि तेवढेच मोठे पण पूर्णवेळ मदतनीस असलेले वर्ग. लहान वर्गांतली मुलं पुढे गेली, मदतनीस दिलेल्या मोठ्या वर्गांना जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. वर्ग लहान करा.

खडूफळा:
@गणिती, लहान वर्गांना शिक्षक जास्त लागतात, ते कुठून आणू? हातात एक ताई आहेत, प्रश्न तेवढाच आहे. आणि मदतनीस नुसत्या वर्गात उभ्या करणं वेगळं, ठरलेला पाठ घेऊन लहान गटाला शिकवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचे निकाल चांगले आहेत.

एक आई:
ओल्या कपड्यांचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझी मुलगी तशीच बसून राहिली, कारण "ताई आत्ता दुसऱ्या वर्गात आहेत." त्यानंतर तिनं शाळेत पाणी प्यायचं सोडलं. बाटली भरलेलीच घरी यायची. तुमचे वाचनगट चुलीत घाला.

दुसरीच्या बाई:
हेच तर सांगतेय!

एक आई:
तुम्ही काय सांगताय? त्या दिवशी वर्गात तुमच्यासारख्याच बाई होत्या. पाच मिनिटं नाही उठता आलं?

दुसरीच्या बाई:
सगळा वर्ग एकटीनं सांभाळून दाखवा, मग बोला. शेजारच्या वर्गातल्या बाईंना हाक मारली की त्यांचाही वर्ग मोकळा सुटतो.

गणिती:
मुलांना घरूनच सवय लावायला हवी.

एक आई:
सहा वर्षांची आहे हो ती! सवय आहे. दार उघडायची परवानगी नव्हती.

ताई:
तुम्ही सगळे ज्या तासांची वाटणी करताय ते माझे आहेत. मीच अशी मदतनीस आहे. आज काय करायचं ते मला दारातून आत जाताना कळतं. एक मुलगा अक्षरं जोडायला लागला होता, नुकता कुठे धीर आला होता त्याला. वेळापत्रक बदललं, मी दुसऱ्या वर्गात गेले. तो अजून खिडकीतून विचारतो, "माझ्याकडे कधी?" आणि हो, कपडेही मीच बदलते, झेरॉक्सही मीच काढते, भिंतीवरचे फळेही मीच सजवते. सजावट बंद केली तर निदान एक वाचनगट बसेल. पण ते कुणी कमी करत नाही, कारण पाहुण्यांना फळेच दिसतात.

खडूफळा:
ताई, शिक्षकांबरोबर बसायला रोज पंधरा मिनिटं मिळाली तर?

ताई:
कुणाच्या वेळेतून? माझी सुट्टी सोडून सांगा.

दुसरीच्या बाई:
बरं. सजावट माझ्या वर्गापुरती मी बंद करते. सकाळ पहिलीला द्या, वाचनगट मोडू नका, एवढं मान्य. पण मधल्या सुट्टीनंतरचा वेळ दुसरीचा, त्यातला एक मिनिटही सोडणार नाही.

एक आई:
आणि सकाळी ताई वाचनगटात असताना मूल ओलं झालं तर कोण उठणार, हे अजून कुणीच सांगितलं नाही.