घरच्या थोरांना पूर्वजांबद्दल कसं विचारता? अनुभव लिहा (सातारा-सांगली)

2023 पासून कुणबी जातीच्या दाखल्यासाठी जुन्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि आमच्या भागात एकाएकी सगळ्यांना पणजोबा आठवले. 1967 पूर्वीची नोंद हवी म्हणून कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) आणि शाळांची जनरल रजिस्टरं चाळली जातायत. कागद मिळतोही. पण कागदावरचा 'राणू बिन बाळू' (म्हणजे बाळूचा मुलगा राणू) आपलाच का, हे सांगणारं माणूस घरी सोप्यावर बसलेलं असतं, आणि त्याला कसं विचारायचं हे कुणी शिकवत नाही. तेवढ्यावरच लिहा. दाखला कसा काढायचा ही चर्चा इथे नको, हयात माणसांची नावंही नकोत.

कराड

भावकीत खापरपणजोबाचं नाव विचारलं की समोरच्याला आधी सातबारा दिसतो. आमचे थोरले आबा सरळ म्हणाले, "आता कुठल्या रानाची वाटणी राहिली रं तुझी?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. वारसनोंदीपायी कोर्टात पिढ्या गेलेली घरं आमच्याच आळीत आहेत. म्हणून कशासाठी विचारतोय ते आधी सांगतो आणि गट नंबर, फेरफार हा विषय त्या बैठकीत काढतच नाही. शिवाय कोरी वही घेऊन जात नाही. मला ठाऊक आहे तेवढी वंशावळ मोठ्या अक्षरात लिहून नेतो. नुसतं "सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं "आता काय आठवतंय" म्हणून मोकळी होतात. पण मधला एखादा भाऊ राहिलेला दिसला की त्यांना गप्प बसवत नाही. आबांनी माझ्या कागदावर दोन चुलत पणजोबा वाढवले. त्यातला एक लहानपणीच प्लेगात गेलेला, त्यामुळे कुठल्याच दप्तरात नव्हता.

*यावर कोरेगावहून:* मुद्दाम चूक ठेवून मात्र नेऊ नका. आमच्या एका हुशार भावानं तसं केलं. ती खोटी पिढी आता भावकीच्या व्हॉट्सॲपवर फिरतेय आणि खरी म्हणून पाठ होतेय.

वाळवा तालुका

वंशावळीत सगळे बापेच. बायांचं विचारायचं तर पुरुष मंडळी उठून गेल्यावर. चारचौघांत आज्जीला माहेरचं नाव विचारलं की ती सुनांकडे बघते आणि हसण्यावारी नेते. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे शाळेत एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरंच. मी नाव विचारतच नाही. "तुमची आई तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?" एवढं विचारते आणि निवडायला घेतलेले तांदूळ निवडत राहते. मग मामाचं गाव, बहिणी कुठं दिल्या, कोण बाळंतपणात गेली, सगळं पाठोपाठ निघतं. कुणाची पहिली बायको, कुणाची दुसरी, दत्तक कोण, हे आपण होऊन विचारू नये. सांगायचं तर त्याच सांगतात. आमच्या चुलत सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "हे वहीत नगं." वहीत नाही, आणि इथेही नाही.

जत

आमच्याकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या चोपडीत लिहून ठेवणारा आणि घरी येऊन वाचून दाखवणारा, अजून येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. हल्लीची पोरं तो टेकायच्या आत मोबाइल काढून चोपडीचे फोटो घ्यायला बघतात. चोपडीवर त्याचं पोट आहे, फोटो घेऊन ठेवलात तर पुढल्या सुगीला त्यानं काय वाचायचं? धान्य, दक्षिणा द्यावी, आपल्या घराचं पूर्ण वाचू द्यावं, शंका मागाहून काढाव्यात. शेजाऱ्याचं पान वाचायला सांगू नये. आणि नुसतं घेऊ नये. घरात नवी जन्मलेली, लग्न होऊन आलेली नावं आपण सांगायची, तो भरून घेतो.

मूळ विटा, सध्या कोइमतूर

गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी आजोबा इकडे आले. गावात ओळखीचं कुणी उरलं नाही, म्हणून आडनावावरून अनोळखी लोकांनाच विचारावं लागतं. "आमच्या घराण्याची माहिती द्या" याला उत्तर येत नाही, आणि येऊही नये. गाव, तालुका, आजोबांचं पूर्ण नाव, अंदाजे साल, वस्ती किंवा मळा, कुलदैवत, आणि आपण आधी काय पाहिलंय, एवढं लिहिलं की समोरच्याला धागा सापडतो. आजोबांच्या कागदावर 'जिल्हा दक्षिण सातारा' होतं. हा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी खानापूर, तासगाव, वाळवा हे सातारा जिल्ह्यात, तर सांगली, मिरज, जत ही संस्थानं. हे विचारणाऱ्यानं आधी पाहून ठेवावं. नाहीतर मदत करायला निघालेला माणूस आपल्यापायी भलत्याच कचेरीत खेटे घालतो.

पाटण

"मूळ गाव कुठलं?" कोयनेच्या पाण्याखाली. खुशाल विचारा. फक्त पुढचा प्रश्न "मग जमीन किती मिळाली?" हा नको.

सातारा, निवृत्त सुभेदार

पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे आहे. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही मिळतं. नोंद सापडली म्हणून थेट त्या घरी जाऊन थडकू नका. आधी गावातल्या जाणत्या माणसाकरवी निरोप धाडा. मी तसंच करतो. एका घरानं निरोप पाठवला, आम्हाला नको. विषय संपला.

इस्लामपूर

मोडी वाचून देणाऱ्यांच्या वतीनं एक विनंती. रात्री अकराला एका ओळीचा तिरका फोटो आणि खाली "अर्जंट" असं पाठवू नका. अक्षर लागायला त्याच हातचा बाकीचा मजकूर लागतो. पूर्ण पान पाठवा, कडेसकट, दिवसाउजेडी काढलेलं. कागद कुठल्या दप्तरातला तेही लिहा. आणि वाचून मिळाल्यावर वाचलं म्हणून कळवा तरी.