अनुभव धागा: पडलेली स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणताना

धागाकर्ता, लातूर
काल औशाकडे जाताना रस्त्यावर वाळत टाकलेल्या सोयाबीनवरून एका मुलाची स्कूटर घसरली. मुलाला फारसे लागले नाही, पण मला आमच्या जुन्या गाडीची आठवण झाली. ती पडली तेव्हा फक्त आरसा फुटला होता आणि एका बाजूचे पॅनेल खरवडले होते. तरीही किकवर चालू होणारी गाडी सेल्फवर हूं की चूं करीत नव्हती. एका दुकानात बॅटरी व स्टार्टर मोटर दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला. प्रत्यक्षात लिव्हर वाकल्यामुळे त्याच्या मुळाशी असलेला ब्रेकचा छोटा स्विच काम करीत नव्हता, आणि ब्रेक दाबल्याची खूण मिळाल्याशिवाय सेल्फला प्रवाह जात नाही. तोच लिव्हर दाबल्यावर मागचा लाल दिवाही लागत नव्हता, त्यामुळे दोष कोठे आहे ते उघडच होते. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

प्रतिसाद, परभणी
१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा निकष पाळणाऱ्या) गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत, स्कूटर आडवी होताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. आमची गाडी पडली तेव्हा ती सरळ उभी करून किल्ली बंद केली, थोडे थांबून पुन्हा फिरवली आणि ती चालू झाली. टेम्पो मात्र तोपर्यंत बोलावून झाला होता. त्याचे भाडे द्यावेच लागले.

प्रतिसाद, नांदेड
दादा, जुन्या कार्ब्युरेटरच्या (इंजिनात जाणारे पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) गाडीचे दुखणे वेगळे असते. आडव्या गाडीत पेट्रोल ओसंडते आणि प्लग ओला होतो, मग कितीही किका मारल्या तरी उपयोग नसतो. प्लग काढून पुसावा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत थांबावे, आणि नंतर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारावी. आसपास बिडी ओढणाऱ्यांना आधी लांब पाठवावे, कारण आपल्याकडे गाडी पडली की सल्ला देणारे पाच जण बिडीसकट जमतातच.

प्रतिसाद, जालना
आमच्याकडे हँडल डावीकडे वळवले की फ्यूज उडत असे. काहींनी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याचे सुचवले. ते कृपया कोणीही करू नये, वायरिंग पेट घेते. आमच्या मिस्त्रींनी फ्यूज काढून त्या दोन टोकांना इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडला. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटत होता. मग त्यांनी पुढून मागे वायरींचा एकेक जुडगा हलवत नेला, आणि हँडलच्या नेकपाशी हात लागताच बल्ब मंदावला. तेथे एक वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. खर्च केवळ टेप आणि चहाचा झाला.

प्रतिसाद, बीड
दिवे लागले म्हणून गाडी ठीक झाली असे समजू नये, ताई. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना हँडल मधोमध अडकल्यासारखे वाटू लागले, तेव्हा मी गाडी तशीच उभी केली. मेन स्टँडवर लावून, मागे वजन देऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल अगदी हळू फिरवावे. सरळ स्थितीत खटका जाणवला तर धडकेने कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या) वाट्यांना खड्डे पडलेले असतात. ते घट्ट करून भागत नाही, संचच बदलावा लागतो. चाक त्याच वेळी फिरवून रिमचा वाकही पाहून घ्यावा.

प्रतिसाद, हिंगोली
विमा असेल तर काहीही उघडण्यापूर्वी फोटो काढावेत आणि कंपनीला कळवावे. एक शंका विचारते: डावा ब्रेक दाबल्यावर आमच्या गाडीचा पुढचा ब्रेक पूर्वी सोबत लागत असे, पडल्यापासून लागत नाही. हे काय असावे?

प्रतिसाद, बीड
ताई, दोन्ही ब्रेक जोडणारी केबल हँडलजवळ सुटली किंवा दबली असावी. उजव्या लिव्हरने पुढचा ब्रेक लागतो का ते गाडी उभी असतानाच पाहा, आणि मिस्त्रींना दाखवेपर्यंत ती चालवू नका.