शब्दचर्चा : ‘फास्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : लेझरने घडवलेल्या संमीलनावर (फ्यूजन, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळून ऊर्जा निघणं) मराठीत लेख लिहितेय. आधी नॅनोसेकंदाच्या (सेकंदाचा अब्जावा भाग) लेझरांनी इंधनाची गोळी दाबायची आणि मग पिकोसेकंदाच्या (त्याच्याही हजारपट छोट्या) प्रखर लेझरने तिचा एक कोपरा पेटवायचा, ही मॅक्स टबाक आणि सहकाऱ्यांची १९९४ची ‘फास्ट इग्निशन’ची कल्पना. त्या कोपऱ्यापर्यंत ऊर्जा नेतात ते लेझरने उधळलेले वेगवान इलेक्ट्रॉन. अडले ते ‘फास्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट’पाशी. ‘वाहतूक’ म्हटलं की टेम्पो दिसतो. ‘वहन’ चालेल?

उत्तर : ‘वहन’ नको. वहन, अभिसरण, प्रारण ही तिकडी शाळेपासून डोक्यात पक्की आहे. वाचक कंडक्शनच समजेल. शिवाय इथे घडतं ते फार गुंतागुंतीचं. प्रखर लेझरने उधळलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह लाखो अँपिअरच्याही वर जातो. एवढा प्रवाह एकटा पुढे सरकूच शकत नाही, स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रात अडकेल. म्हणून प्लाझ्मातले (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतले) संथ इलेक्ट्रॉन उलट दिशेने निघतात आणि विद्युतभाराचा हिशेब जवळजवळ मिटवतात. पुढे पोचते ती ऊर्जा. परतीच्या प्रवाहाला प्लाझ्माचा रोध लागतो, त्यातून प्लाझ्मा तापतो, नवी चुंबकीय क्षेत्रं उभी राहतात, मूळ प्रवाहाच्या धारा फुटतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘वनस्पतींमधील परिवहन’ असतं ना? तोच शब्द घ्या.

उत्तर : परिवहन म्हणजे एसटीच की हो! पण चालवून घेऊ. ‘फास्ट’ मात्र जपून. ‘फास्ट इग्निशन’मधला फास्ट पेटवण्याच्या झटपटपणाचा, इलेक्ट्रॉनांचा फास्ट वेगाचा. पहिल्याला ‘शीघ्र प्रज्वलन’, दुसऱ्याला ‘अतिवेगवान’. १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या जेमतेम ६ टक्के, १ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाचा ९४ टक्के. या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांनाच ‘हॉट इलेक्ट्रॉन’ही म्हणतात, पण ‘तप्त’ लिहू नका. भोवतालचा प्लाझ्माच लाखो अंशांवर असतो, मग तप्त नक्की कोण?

विचारणा : आणि ‘डायव्हर्जन्स’? ‘अपसरण’ लिहिलंय.

उत्तर : अपसरण गणिताला शोभतं. इथे सरळ ‘फाकणं’ लिहा. सगळं दुखणं तिथेच आहे: जिथे ऊर्जा ओतायची तो ठिपका काही दशक मायक्रॉनांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि झोत वाटेतच फाकतो. जपानमध्ये ओसाकाच्या गेक्को-१२ लेझरवर म्हणूनच गोळीत सोन्याचा पोकळ शंकू खुपसला. पेटवणारा लेझर शंकूतून घन इंधनाच्या अगदी जवळ पोचतो आणि इलेक्ट्रॉनांना फार अंतर कापावं लागत नाही. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात न्यूट्रॉनांची संख्या सुमारे हजारपट झाली होती.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं द्या. तिथल्या गटाच्या २०१२च्या प्रयोगात एका दिशेने उभ्या कार्बन नॅनोनलिकांमधून (अतिसूक्ष्म नळ्यांमधून) मेगा-अँपिअरचे इलेक्ट्रॉन प्रवाह मिलिमीटरभर अंतर नेले होते. मायक्रॉनांच्या या दुनियेत मिलिमीटर म्हणजे लांबचा पल्ला.

उत्तर : एक पुरवणी. लेखात ५ डिसेंबर २०२२चं अमेरिकेतलं प्रज्वलन येणार असेल, तर ते ‘शीघ्र’च्या खात्यात घालू नका. तिथे २.०५ मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाली खरी, पण इंधन आवळतानाच मधला ठिपका पेटला होता. पेटवायला निराळा लेझर नव्हता.

विचारणा : बरं झालं सांगितलंत, तो उल्लेख त्याच परिच्छेदात होता. ‘अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचं परिवहन’ घेते. ‘फाकणं’ संपादकांना चालतं का बघू.