दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय, थ्रीडी कॅमेऱ्याचे जास्तीचे पैसे द्यावेत का?

रेवा_मिरज:
आईला (वय ६२) पित्ताशयात खडे आहेत, दोनदा पोटात जोरात दुखून ॲडमिट करावं लागलं, आता सूज उतरलीय आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकायचं ठरलंय. दोन ठिकाणी दाखवलं, एका ठिकाणी नेहमीचं लॅप्रोस्कोपिक, दुसरीकडे म्हणाले आमच्याकडे थ्रीडी कॅमेरा आहे, सर्जनला खोली दिसते म्हणून जास्त सेफ, पण पॅकेज बरंच महाग. दादा म्हणतो पैशांचं बघू, आईच्या बाबतीत रिस्क नको. मला कळत नाही की साध्या कॅमेऱ्यात खोली दिसतच नसेल तर इतकी वर्षं ही ऑपरेशनं होतायत कशी? आणि थ्रीडीने पेशंटला नक्की काय मिळतं? फील्डमधलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

लॅप_सर्जन_नाशिक:
रेवाताई, साध्या दुर्बिणीत चित्र एकच असतं, मॉनिटरवर ते सपाट दिसतं हे खरंय. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, सुरुवातीला शिकणाऱ्याची तशीच गत होते. पण नजर तयार होते, दुर्बीण जरा पुढेमागे केली की जवळचं जास्त सरकतं, अवजार टेकलं की टिश्यू दबतो, त्यावरून खोलीचा अंदाज येतो. मुंबईत जेजेला डॉ. तेहेमटन उदवाडियांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हापासून आपल्याकडची बहुतेक ऑपरेशनं अशा सपाट चित्रावरच झालीयत.

थ्रीडीत डाव्या-उजव्या डोळ्यासाठी दोन वेगळी चित्रं घेतात आणि पोलराइज्ड चष्म्यातून ज्या त्या डोळ्याला ज्याचं त्याचं चित्र जातं. याचा खरा उपयोग आत टाके मारताना होतो, आतडं जोडणं, गर्भाशय काढल्यावर योनीचं वरचं टोक शिवणं वगैरे, तिथे सुई पकडणं आणि फिरवणं खूप सोपं जातं, नवशिक्यांना तर फारच. पित्ताशयात सहसा टाके नसतातच, नळी आणि रक्तवाहिनीला क्लिप लावून कापायचं असतं. त्यामुळे हात बसलेल्या सर्जनला तिथे फार फरक पडत नाही.

ओटी_टेक्निशियन:
कॅमेऱ्याच्या बाजूने सांगतो. नव्वदच्या दशकातल्या थ्रीडी सिस्टिमवर सर्जनचं डोकं दुखायचं, चष्मे जड, चित्र अंधुक. आताच्या खूपच चांगल्या आहेत, पण मॉनिटर समोर आणि ठराविक अंतरावर लागतो, तिरका झाला की इफेक्ट जातो. अजून एक, साधी ३० अंशांची दुर्बीण गोल फिरवून कोपऱ्यामागचं बघता येतं, बऱ्याच थ्रीडी दुर्बिणी तशा फिरवल्या की चित्रच आडवं होतं. म्हणजे थ्रीडी आहे म्हणून सगळंच जास्त दिसतं असं नाही, कॅमेरा धरणारा सरावाचा पाहिजे.

रेवा_मिरज:
दोघांचेही मनापासून आभार. पण मुख्य पित्तनलिकेला इजा होते असं वाचलं आणि झोप उडाली. नजर फसल्यामुळे होतं म्हणे, मग थ्रीडीने ते कमी व्हायला नको का?

लॅप_सर्जन_नाशिक:
ताई, अशी इजा क्वचित होते, पण काळजी रास्त आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स वे यांच्या टीमने २००३ मध्ये अशा २५२ इजांचा अभ्यास छापला, त्यात ९७ टक्के केसेसमध्ये मूळ कारण नजरेचा भ्रम होता, हात चुकला असं फार थोड्यांत. पण हा भ्रम खोलीचा नसतो. पित्ताशय वर ओढलं की सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची स्वतःची नळी, कापायची ती) आणि मुख्य नळी एका रेषेत येतात, वरून चरबी आणि सूज, मग मुख्य नळीच सिस्टिक डक्ट वाटते आणि सर्जन पूर्ण खात्रीने तिलाच क्लिप लावतो. चुकीची नळी थ्रीडीत उठावदार दिसली तरी ती चुकीचीच राहते.

यावर उपाय म्हणजे स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी. नळ्यांजवळचा त्रिकोण चरबी काढून साफ करायचा, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सोडवायचा आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी, म्हणजे सिस्टिक डक्ट आणि रक्तवाहिनी, जाताना दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. काही ठिकाणी आयसीजी नावाचं औषध शिरेतून देतात, ते पित्तात उतरतं आणि खास कॅमेऱ्यात नळ्या चमकतात. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर आईंच्या केसमध्ये मी थ्रीडीआधी याची चौकशी करेन, दोनदा सूज येऊन गेलीय म्हणजे आत चिकटलेलं असू शकतं.

दोन्ही सर्जनना विचारा की क्रिटिकल व्ह्यू मिळाला नाही तर तुम्ही काय करता. जो सांगेल की थांबतो, सीनियरला बोलावतो, पित्ताशयाचा काही भाग आत ठेवून बाहेर येतो किंवा पोट उघडतो, त्याच्याकडे करा, कॅमेरा कुठलाही असो. आणि ऑपरेशनआधी लिव्हर फंक्शन टेस्ट झालीय का तेही बघा, बिलिरुबिन वाढलेलं असेल तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करून मुख्य नळीत खडा नाही ना याची आधी खात्री करून घ्यावी लागेल.