डरम विद्यापीठात 'कॉलेज' निवडायचंय, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

लेकीला इंग्लंडच्या डरम विद्यापीठातून एमएस्सीची ऑफर आली. (स्पेलिंगमध्ये 'हॅम' आहे, उच्चारात नाही. लेकीने मला दोनदा दुरुस्त केलंय.) पेढे वाटून झाले. आता कोणतं कॉलेज हवं ते कळवायचंय आणि तिथेच आमचं घोडं अडलंय.

मी नाशिकच्या एचपीटी कॉलेजची. माझ्या डोक्यात कॉलेज म्हणजे सर शिकवतात ते, आणि विद्यापीठ म्हणजे पुण्यात बसून पेपर काढतं ते. तिकडे सगळं उलटं. शिकवणं, परीक्षा, डिग्री हे विद्यापीठाच्या विभागांचं काम. कॉलेजात राहायचं, जेवायचं, अडलं-नडलं तर तिथल्या माणसांकडे जायचं. बाहेर खोली घेतली तरी कुठल्या तरी कॉलेजचं सदस्यत्व असतंच. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते खुशीत म्हणाले, "म्हणजे आपलं उदोजी मराठा बोर्डिंगच की!" ते तिथेच राहून शिकले. त्यांच्यापुरता विषय संपला, माझा नाही.

कारण 17 कॉलेजांपैकी 15 विद्यापीठाची आहेत, पण सेंट जॉन्स आणि सेंट चॅड्स स्वतंत्र. लेकीला नेमकं कथीड्रलजवळचं सेंट चॅड्स आवडलंय.

आमचं तोंड एकदा पोळलंय. मुलाच्या हॉस्टेलचं डिपॉझिट अडकलं तेव्हा रेक्टर म्हणे ट्रस्टकडे जा, ट्रस्ट म्हणे कॉलेजकडे, कॉलेज म्हणे हॉस्टेल आमचं नाहीच. पावती घेऊन मी तीन खेपा घातल्या. शेवटी पैसे सोडून दिले.

तेव्हा विचारायचं हे, की स्वतंत्र कॉलेजात काही बिनसलं तर जबाबदार कोण? तिथला कारभार कोण बघतं? आणि ते 'एमसीआर' काय असतं? जाणकारांनी सांगावं. शाकाहारी जेवणाचंही कुणी बोललं तर बरं.

प्रतिसाद:

ताई, अभिनंदन! विद्यापीठाच्या कॉलेजांचे प्रमुख विद्यापीठ नेमतं, इमारत आणि कर्मचारीही विद्यापीठाचेच. तुम्ही म्हणता त्या दोन कॉलेजांना आपापलं नियामक मंडळ आहे आणि माणसंही तेच नेमतात. डिग्री मात्र दोन्हीकडे डरमचीच, तिथे डावं-उजवं नाही. खोलीच्या करारावर समोरची बाजू म्हणून कोणाचं नाव छापलंय ते बघा. पहिली तक्रार तिथेच जाते.

एमसीआर म्हणजे पदव्युत्तर मुलांचं मंडळ, आपल्याकडच्या जीएससारखे पदाधिकारी मुलंच निवडतात. पदवीवाल्यांचं ते जेसीआर. फक्त पदव्युत्तरांचंच वातावरण हवं असेल तर उस्टिनोव्ह कॉलेज बघा.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची माहिती वाचून गोंधळू नका. तिथे कॉलेजंच मालक, फेलो (म्हणजे कॉलेजचे प्राध्यापक-सदस्य) मिळून कारभार चालवतात, पदवीचे प्रवेशही कॉलेजंच देतात. डरममध्ये तसं नाही.

धागाकर्ती:

खूप आभार! करार आला की आधी सासऱ्यांच्या हातात देते. सोसायटीच्या सभेत उपविधी वाचून त्यांनी चेअरमनला घाम फोडलेला आहे. जेवणाचं राहिलंच हो, कुणाला माहीत आहे का?